तांब्यात उतरलेला गेंडा

ड्यूररच्या गेंड्याला चौकट अपुरी पडते. उजवीकडे नाकावरचं शिंग कडेच्या रेघेला टेकायच्या बेतात आहे, डावीकडे पुठ्ठा आणि शेपूट दुसऱ्या रेघेला भिडलेलं आहे, डोक्यावर जर्मन मजकुराच्या ओळी दाबून बसल्या आहेत आणि पायांखाली जेमतेम उभं राहण्यापुरती जमीन. झाड नाही, माणूस नाही, लांबवर डोंगर नाही. १५१५ साली न्यूरेंबर्गमध्ये लाकडी ठशावरून छापलेलं हे चित्र तीस सेंटिमीटरही रुंद नाही. तरी पाहणाऱ्याला वाटतं की एक प्रचंड धूड समोर उभं आहे आणि त्याने पुढे एक पाऊल टाकलं तर ते कागदाबाहेर पडेल. मोठेपणा दाखवायला मापासाठी शेजारी माणूस उभा करणं हा सोपा मार्ग. आल्ब्रेख्त ड्यूररने तो घेतला नाही. त्याने नुसती जागा कमी ठेवली.

आता अंगाकडे पाहा. गळ्याभोवती लढवय्याच्या गळपट्ट्यासारखा घट्ट तुकडा. खांद्यावर वेगळा पत्रा, त्याची खालची कड उचललेली. मधल्या भागावर फासळ्यांसारख्या उभ्या पन्हळी. मागच्या मांडीवर पुन्हा स्वतंत्र पत्रा, आणि या सगळ्या तुकड्यांच्या कडांना बारीक गोल ठिपक्यांची रांग, जशी रिव्हेट ठोकून बसवलेली. पायांवर खवले आहेत, जाळीच्या चिलखताचे वाटावेत असे. पुठ्ठ्याच्या कडेने करवतीचे दात. आणि मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मध्ये, पिळाचं एक इवलंसं शिंग. भारतातल्या कुठल्याही गेंड्याला हे दुसरं शिंग कधी नव्हतं. ड्यूररने ते दिलं आणि पुढे सव्वादोनशे वर्षं युरोपातल्या गेंड्याच्या मानेवरून ते कुणाला काढता आलं नाही.

एवढं चिलखत घातलेल्या प्राण्याचा डोळा मात्र पाहण्यासारखा आहे. तो लहान आहे, सुरकुत्यांत बुडालेला, आणि खाली पाहणारा. हनुवटीखाली चार केस आहेत, कानाच्या कडेला केसांची झालर. डोकं थोडं झुकलेलं. रणांगणावर निघालेल्या पत्र्याच्या गोळ्यात कुणीतरी म्हातारा, दमलेला जीव बसवला आहे असं वाटतं. चित्राची सगळी मौज या विसंगतीत आहे. वर छापलेला मजकूर सांगतो की हा प्राणी हत्तीचा वैरी आहे, त्याच्या अंगाला शस्त्र लागत नाही, तो चपळ आणि धूर्त आहे, दगडावर शिंग घासून त्याला धार लावतो. खालचं चित्र त्या मजकुराला अंगाने दुजोरा देतं, डोळ्याने देत नाही.

ड्यूररने गेंडा पाहिलेला नव्हता. त्याच्यापर्यंत पोचलं ते लिस्बनहून आलेलं एक पत्र आणि कुणाच्या तरी हातचं एक रेखाटन. पण जो गेंडा त्या पत्रात होता तो खरा होता आणि तो आपल्याकडून गेला होता. पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता. त्यासाठी त्याने गुजरातच्या मुझफ्फरशाह दुसरा या सुलतानाकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला आणि नकाराची भरपाई म्हणून नजराणे दिले, त्यांत हा गेंडा. १५१४च्या पावसाळ्यानंतर तो गोव्यात पोचला. आल्बुकर्कला हे लोढणं परवडणारं नव्हतं. त्याने ते आपल्या राजाकडे, दोम मानुएलकडे रवाना केलं. १५१५च्या जानेवारीत जहाज निघालं, २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर हजारभर वर्षांत युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा उतरला नव्हता.

राजाने लगेच जुन्या लेखकांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी असतात असं प्लिनीने लिहून ठेवलं होतं. ३ जूनला दोघांना समोरासमोर सोडलं. गेंडा शांतपणे पुढे सरकला आणि हत्ती जो पळाला तो थेट आपल्या ठाणाकडे. त्या वर्षाच्या अखेरीस राजाने गेंड्याला हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून पोप दहावा लिओ याच्याकडे भेट म्हणून पाठवलं. १५१६च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडे चांगले पोहतात. हा साखळीने डेकला बांधलेला होता.

हे सगळं ड्यूररच्या चित्रात नाही. दोर नाही, साखळी नाही, रखवालदार नाही. त्याच वर्षी आउग्सबुर्गमध्ये हान्स बुर्गमायर या चित्रकारानेही याच गेंड्याचा ठसा काढला आणि त्याने नेमकी तीच गोष्ट ठेवली: पुढच्या दोन पायांना बांधलेला दोर. बुर्गमायरचा गेंडा खऱ्या गेंड्याच्या बराच जवळ जातो. त्याला पत्रे नाहीत, जाड कातडीच्या घड्या आहेत. मानेवरचं जादा शिंग नाही. त्या चित्राची आज एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात. ड्यूररच्या ठशाच्या मात्र त्याच्या हयातीतच चार-पाच हजार प्रती निघाल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. तो मेल्यानंतरही ठसा हातोहात फिरत राहिला, लाकूड तडकलं, गेंड्याच्या पायांमधून जाणारी ती भेग नंतरच्या प्रतींत दिसते, तरी छपाई थांबली नाही. १६२०च्या सुमाराला आम्स्टरडॅममध्ये ब्लाऊ या प्रकाशकाने त्यावर रंगाचा दुसरा ठसा चढवून ते चित्र पुन्हा बाजारात आणलं.

लोकांनी खरा गेंडा नाकारून खोटा घेतला, असं म्हणून मोकळं होता येईल. पण बुर्गमायरचं चित्र नीट पाहिल्यावर मला ते पटत नाही. तो गेंडा बरोबर आहे आणि निर्जीव आहे. बांधलेलं जनावर आहे, त्याचा पंचनामा केलेला आहे. ड्यूररचं चुकलेलं जनावर जास्त जिवंत वाटतं, कारण ते कुणीतरी घडवलेलं आहे. आणि कशातून घडवलेलं, हे त्याच्या अंगावरच लिहिलं आहे: धातूतून.

ड्यूररचा बाप सोनार होता. ड्यूररने लहानपणी त्याच्याच हाताखाली काम शिकायला सुरुवात केली होती आणि मग १४८६ साली तो चित्रकाराकडे उमेदवारीला लागला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून कागदावर छापण्याची कला मुळात सोनारांच्या घरातूनच आली. दागिन्यावर आणि भांड्यावर नक्षी कोरणारी तीच कोरणी, तोच हात; फक्त खाचेत शाई भरून ओला कागद दाबायचा. ड्यूररच्या आधीचा मार्टिन शोंगाउअर सोनाराचा मुलगा, इस्राहेल फान मेकेनेम स्वतः सोनार. शिवाय न्यूरेंबर्ग हे चिलखतं घडवणाऱ्यांचं शहर. रस्त्यातून चालताना ठोकण्याचा आवाज ऐकू येत असणार. अशा माणसाला कुणी लिहून कळवलं की एक प्राणी आहे, कासवासारख्या रंगाचा, जाड कवचाने झाकलेला, जवळजवळ अभेद्य, तर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील?

यात एक बारकावा आहे आणि तो ड्यूररच्या बाजूने जातो. भारतीय गेंड्याच्या कातडीला खरोखर मोठ्या घड्या असतात आणि त्या घड्यांमधले भाग लांबून पत्र्यासारखेच दिसतात. खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर बारीक गोल फोड असल्यासारखे उंचवटे असतात. लिस्बनच्या रेखाटनकाराने ते उंचवटे टिपले असणार. ड्यूररने त्यांचे रिव्हेट केले. म्हणजे त्याने खोटं फारसं घातलं नाही. खरं होतं त्याचा पदार्थ बदलला. कातडं काढलं आणि पोलाद बसवलं.

पण ड्यूररचं चित्र लाकडी ठशाचं आहे, आणि लाकडाला धातूचं नाटक पूर्ण वठवता येत नाही. लाकडी ठशात रेघ उरवायची असते: दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं आणि मधला बांध शाईसाठी ठेवायचा. ड्यूररसाठी ठसे कापणाऱ्यांचा हात असामान्य होता, तरी त्या बांधाला एक किमान जाडी लागतेच, आणि रेघांच्या मधला पांढरा भाग पांढराच राहतो. म्हणून या गेंड्याच्या पत्र्यांवर चकाकी फारशी नाही. ते घडवलेले दिसतात, घासून उजळलेले दिसत नाहीत.

ते काम नक्कल करणाऱ्यांनी केलं. १५४०च्या दशकात एनेआ वीको या इटालियन कोरणीकाराने ड्यूररचा गेंडा तांब्याच्या पत्र्यावर उतरवला. वीको पार्म्याचा, जन्म १५२३. ड्यूरर वारला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. गेंडा त्यानेही पाहिलेला नव्हता. त्याच्यापुढे ड्यूररचा कागद होता. पण तो कोण आहे हे ध्यानात घेतलं की ही निवड सहज वाटू लागते. १५४३ साली वीकोने प्राचीन वाटाव्यात अशा कलशांची आणि सुरयांची एक चित्रमालिका कोरली होती, कानांवर साप आणि पोटावर मुखवटे असलेली भांडी. अशी चित्रं सोनारांच्या आणि कासारांच्या कारखान्यांत नमुन्यासाठी जात. पुढे त्याने जुन्या नाण्यांवर आणि पदकांवर पुस्तक लिहिलं, ते व्हेनिसमध्ये १५५५ साली छापलं गेलं. धातूची वस्तू कागदावर कशी दाखवायची, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. ड्यूररचा गेंडा हातात आल्यावर त्याला प्राणी दिसला असेल, तसंच एक मोठं, पोटाला फुगीर, नक्षीदार भांडंही दिसलं असेल.

तांब्यावर कोरताना कोरणी पुढे ढकलायची असते, आणि वळण घ्यायचं झालं की हात फिरवत नाहीत, खालच्या चामड्याच्या उशीवर पत्रा फिरवतात. रेघ केसासारखी बारीक सुरू होते, मध्ये भरते, पुन्हा बारीक होऊन संपते. अशा रेघा गोलाईवरून शेजारी-शेजारी नेल्या आणि त्यांवर दुसरी जाळी तिरकी टाकली की कागदावर गोलाई येते, तिच्या माथ्यावर उजेड राहतो आणि कडेला काळोख साचतो. चिलखतं, कलश, पदकं कोरून कोरून इटलीतल्या कारागिरांचा हात याच कामाला बसलेला होता. कातडीचं शिथिलपण या रेघेला जमत नाही असं नाही, पण त्यासाठी रेघेने मध्येच अडखळावं लागतं, तुटावं लागतं. नक्कल करणाऱ्याला अडखळायचं कारण नसतं. पुढे काय येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. मूळ चित्रकाराने जे चाचपडत काढलं, तेही तो तेवढ्याच ठामपणे काढतो. खांद्याचा पत्रा आणि मानेवरचं पोरकं शिंग दोन्ही त्याच्या लेखी सारखीच पक्की. लाकडावरून तांब्यावर येताना गेंड्यात नवं काहीच भरलं जात नाही आणि तरी तो आणखी धातूचा होतो.

ड्यूररला हे आवडलं असतं का? त्याला नक्कल करणाऱ्यांचा राग होता. मार्कान्तोनिओ राइमोंदी या इटालियन कोरणीकाराने त्याच्या मेरीच्या जीवनावरच्या ठशांच्या नकला तांब्यावर केल्या, त्याच्या सहीसकट; राइमोंदीच्या नकलांची तक्रार घेऊन ड्यूरर व्हेनिसला गेला, अशी गोष्ट चरित्रकार वासारीने सांगितली आहे. १५११च्या आवृत्तीच्या शेवटी त्याने परक्याच्या बुद्धीवर हात मारणाऱ्या चोरांना बादशहाच्या सनदेचा धाक घातला. चार वर्षांनी त्याच माणसाने एका अनामिकाच्या रेखाटनावरून गेंडा काढला, वर आपली सही केली, आणि त्या अनामिकाचं नाव आजवर कुणाला कळलेलं नाही. मजकुरात गेंडा आल्याचं सालही त्याने १५१३ असं चुकीचं छापलं.

मी हे हुफूफमध्ये बसून लिहितो आहे, आणि नकलेबद्दलचा माझा कडवेपणा इथे जरा ओसरला आहे. सौदी अरेबियातल्या अल-अहसाच्या या शहरात कैसरिया नावाचा जुना बाजार आहे. २००१च्या आगीनंतर तो पुन्हा बांधला. तिथे कॉफीचे दल्ले मांडलेले असतात, चोचीसारखी तोटी, कमरेशी आवळलेलं अंग, झाकणावर उंच टोक. हसावी घाटाचा दल्ला साऱ्या आखाती मुलखात ओळखला जातो. तो ओळखला जातो कारण तो शेकडो हातांनी शेकडो वेळा तसाच केला. धातूच्या धंद्यात आधीचं भांडं समोर ठेवून नवं करणं हीच शिकण्याची आणि विकण्याची रीत आहे. वेगळेपणा हवा असेल तर तो ठोक्याच्या वजनात शोधायचा, आकारात नाही. वीको या जगातला माणूस होता. त्याच्या लेखी ड्यूररचा गेंडा म्हणजे एक चांगला घाट, आणि चांगला घाट चालू ठेवायचा असतो. (तो गेंडा गोव्याहून समुद्रावर असताना, १५१५च्या त्याच वसंतात, आल्बुकर्क होर्मूझ घेत होता; सहा वर्षांनी पोर्तुगिजांशी लढताना बहारीनमध्ये याच अल-अहसाचा, जबरी घराण्यातला राजा मुकरिन मारला गेला. नजराण्यांची आणि तोफांची जहाजं एकाच पाण्यातून जात होती.)

घाट खरोखरच चालू राहिला. पिसाच्या कॅथीड्रलला १५९५ साली आग लागली आणि शिल्पकार जियाम्बोलोन्याच्या कारखान्यातल्या मंडळींनी नवे ब्राँझचे दरवाजे ओतले. त्यांच्या चौकटीत पानाफुलांबरोबर आणि इतर प्राण्यांबरोबर ड्यूररचा गेंडा उभा आहे, मानेवरच्या शिंगासकट. म्हणजे चित्रातला धातू अखेर खऱ्या धातूत ओतला गेला. सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्रँकफुर्टला छापलेल्या योनस्टनच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथात तांब्यावर कोरलेला तोच गेंडा शास्त्र म्हणून बसला. लाकडाचं तांबं, तांब्याचं ब्राँझ, ब्राँझनंतर चिनी माती. प्रत्येक पायरीवर कारागीर बदलला, गेंडा बदलला नाही.

तो मोडायला पुन्हा एक जिवंत जनावर यावं लागलं. १७४१ साली बंगालहून हॉलंडमध्ये क्लारा नावाची गेंडी उतरली आणि तिच्या मालकाने सतरा वर्षं तिला युरोपभर फिरवलं. १७४९ साली पॅरिसमध्ये ऊद्री या चित्रकाराने तिचं जवळजवळ खऱ्या मापाचं तैलचित्र केलं. निसर्गअभ्यासक ब्यूफाँच्या ग्रंथात पुढे तिच्यावरून केलेलं चित्र आलं. मानेवरचं शिंग गेलं, खवले गेले.

आणि मग पुणं. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावाचा शिकारखाना होता. लहान वयात गादीवर बसलेल्या त्या पेशव्याला जनावरांचा फार नाद. वाघ, सिंह, हरणं, आणि एक गेंडा. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६पासून पुण्यात होता आणि त्याला जे जे दिसे ते कागदावर उतरवून हवं असे. त्यासाठी त्याला इथलाच एक माणूस मिळाला: गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. नोव्हेंबर १७९०चं, पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने केलेलं रंगचित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. मॅलेटसाठी चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईला उतरला तो १७९१ साली. वेल्सची शनिवारवाड्यातली चित्रशाळा त्यानंतरची. म्हणजे गेंडा काढताना गंगारामाला वेल्सचं शिक्षण मिळालेलं नव्हतं.

नावातच तांबट. तांब्याशी ज्यांचं पिढ्यांचं नातं, त्या घरातला माणूस. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत आजही मठारकाम चालतं. हातोडीच्या ठोक्यांनी हंड्याच्या अंगावर ओळीने गोल खळगे उठवतात आणि पितळ-तांबं चमकायला लागतं. गेंड्याच्या पुठ्ठ्यावरचे उंचवटे पाहून मठारलेल्या हंड्याची आठवण कुणाला व्हायला हवी होती, तर ती या माणसाला. सोनाराच्या मुलाने केलं ते तांबटाच्या मुलाने केलं असतं तर नवल नव्हतं. त्याने केलं नाही. गंगारामाच्या गेंड्याची कातडी कातडीच आहे. तिला घड्या आहेत, त्या वजनाने खाली आलेल्या आहेत, त्यांना कड नाही आणि रिव्हेट नाहीत. मानेवर शिंग नाही. अंगाचा धातू कुठेच झालेला नाही.

याचं सरळ कारण आहे: जनावर त्याच्यापुढे उभं होतं. ड्यूररपुढे पत्र होतं, वीकोपुढे ड्यूरर होता. डोळ्यांपुढे वस्तू नसली की हात आपल्या सवयीचं भरतो, आणि ड्यूररच्या व वीकोच्या हातांची सवय धातूची होती. गंगारामाच्या हाताची सवयही तीच असणार, पण तिला मध्ये येऊ द्यायचं कारण पडलं नाही. मी त्याला पहिला म्हणत नाही. त्याच्या आधी ऊद्री होता. आणि योगायोग असा की १७९०-९१च्याच सुमाराला लंडनमध्ये जॉर्ज स्टब्ज एका जिवंत गेंड्यासमोर उभा राहून तैलरंगात तेच करत होता. पुण्यातल्या तांबटाला स्टब्ज ठाऊक नव्हता आणि स्टब्जला तो. युरोपला ड्यूररच्या गेंड्यातून सुटायला सव्वादोन शतकं लागली. गंगारामाला सुटावंच लागलं नाही, त्याने तो पाहिलेला असण्याचं काही चिन्ह नाही.

पण त्याचीही चित्रं शेवटी दुसऱ्यांच्या तांब्यावर गेली. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटनं मॅलेटच्या लेखासोबत कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये कोरून छापली गेली. वेल्स १७९५ साली वारला; त्याची वेरूळची चित्रं टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये चोवीस तक्त्यांत काढली, आणि त्या पुस्तकावर नावं वेल्सची आणि डॅनियलची आहेत. वेल्सच्या हाताखाली लेण्यांत उभं राहून रेखाटणारा तांबट मागे राहिला. लिस्बनच्या अनामिक रेखाटनकाराचं जे झालं, त्याच वाटेवर हा होता. मॅलेटने कागद जपले म्हणून निदान नाव उरलं.

पुण्याच्या कारागिरांना तांब्यावर कोरून छापणं जमत नव्हतं असंही नाही. नाना फडणविसांच्या उत्तेजनाने एका कारागिराने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरायला घेतली. १८०० साली नाना गेले, कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला, आणि १८०५ साली गीता तिथे छापून निघाली. अक्षरं कोरली. शिकारखान्यातला गेंडा मात्र कुणी तांब्यावर उतरवला नाही. उतरवला असता तर त्या पत्र्यावर त्याची कातडी टिकली असती की तीही वाजायला लागली असती, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. कोरणीचा ओढा मी वर सांगितलाच.

चित्र म्हणून विचाराल तर ड्यूररचं श्रेष्ठ आहे, आणि त्याच्या तांब्यावरच्या नकला त्याच्या खाली असल्या तरी उपेक्षणीय नाहीत; एका चुकीच्या कल्पनेवर किती कसबी हात राबू शकतात हे त्यांच्यात दिसतं. बुर्गमायरचं चित्र अभ्यासकाने पाहावं. गंगारामाचं चित्र ड्यूररएवढं थोर नाही, त्यात तेवढी कल्पकता नाही, पण पुण्यात उभ्या असलेल्या एका जनावराशी ते पूर्ण प्रामाणिक आहे, आणि मराठी वाचकाने ते न पाहणं मला खटकतं. येलच्या त्या संग्रहालयाने आपल्या जुन्या चित्रांच्या प्रतिमा इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या ठेवल्या आहेत. गंगाराम तांबट असं नाव इंग्रजीत लिहून शोधा, गेंडा मोठा करा, आणि शेजारच्या खिडकीत ड्यूरर उघडा ठेवा.